‘पेशीकवच’ की ‘पेशीवेष्टन’? एका संज्ञेचे परीक्षण

शास्त्रीय संज्ञा ही नुसती खूण नसते. तिच्या पोटात एक सिद्धान्तही दडलेला असतो. ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ या जीवाणूचे वर्णन परिभाषेच्या तासाला भाषांतरासाठी दिले, की बहुतेक विद्यार्थी त्याच्या पेशीच्या बाह्य रचनेस ‘पेशीकवच’ म्हणतात. शब्द भारदस्त खरा. पण तो ग्राह्य आहे काय?

‘कवच’ म्हटले की मराठी वाचकास कर्ण आठवतो. कवच अंगावर असेतो देह अभेद्य, ते उतरविले की मृत्यूची वाट मोकळी, हा अर्थ त्या शब्दाबरोबर येतोच. प्रस्तुत जीवाणू गॅमा किरणांची ५,००० ग्रे इतकी मात्रा सोसतो. मनुष्यास सुमारे ५ ग्रे प्राणघातक ठरू शकतात. साहजिकच या सामर्थ्याचे श्रेय वाचक ‘कवचा’स देऊन मोकळा होतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. हा जीवाणू १९५६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, गॅमा किरणांनी निर्जंतुक करू पाहिलेल्या डबाबंद मांसात सापडला. जे किरण डब्याचा पत्रा भेदून गेले, त्यांस पेशीची सूक्ष्म भिंत कशी अडविणार? किरण आत शिरतातच, आणि डीएनएचे शंभराहून अधिक तुकडे होतात. जीवाणूचे सामर्थ्य आहे ते हे तुकडे काही तासांत पुन्हा सांधण्यात, आणि सांधणारी प्रथिने शाबूत राखण्यात. या रक्षणात मँगॅनीजच्या संयुगांचा मोठा वाटा आहे.

बाह्य रचना मात्र अन्य कारणाने उद्बोधक आहे. आतून बाहेर येताना प्रथम पेशीपटल, मग पेप्टिडोग्लायकनची जाड भित्तिका, नंतर बाह्य पटल आणि त्यावर प्रथिनांचा नियमित नक्षीचा थर, असा तिचा क्रम आहे. ग्रॅम यांची १८८४ ची रंजनपद्धती या जीवाणूस ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ ठरविते. बाह्य पटल तर ‘ग्रॅम निगेटिव्ह’ जीवाणूंचे लक्षण! येथे रंगावरून पडलेले नाव रचनेविषयी दिशाभूल करते. १९८१ मध्ये ‘मायक्रोकॉकस’ हे जुने कुलनाम टाकून ‘विलक्षण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नवे नाव देण्यात आले. विज्ञान आपली नावे अशी दुरुस्त करीत असता आपण नवी चूक का रुजवावी?

बाह्य थर पेशीची घडण टिकवितात, हे मान्य. ‘वेष्टन’ हा शब्द ते नाकारीत नाही. तो केवळ वेढणाऱ्या वस्तूचा निर्देश करतो, आणि जीवाणू जगतो कशाने हा प्रश्न खुला ठेवतो. यास्तव ‘पेशीवेष्टन’ हीच संज्ञा स्वीकारावी.