हात म्हणजे कर की पाणि?

‘हात (२)’ एवढेच शोधसूत्र दिलेले असते. कर, हस्त, पाणि, बाहू, भुजा हे पाचही शब्द दोन अक्षरांत बसतात आणि पाचही कोशात सापडतात. पाचांपैकी कोडेकाराच्या मनात कोणता होता, हे आडव्या-उभ्या शब्दांच्या छेदावरून कळावे अशी अपेक्षा असते. पण छेद देणाऱ्या शब्दाचे सूत्रही इतकेच सैल असेल तर दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येईपर्यंत थांबावे लागते. मराठी शब्दकोडी नेमाने सोडवणारा माणूस काही वर्षांनी तरबेज होतो खरा, पण माझ्या मते तो बहुधा भाषा शिकत नाही. कोडेकाराच्या सवयी शिकतो.

दोष चौकटीचा नाही. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले ते रोमन लिपीसाठी, तिथे एका घरात २६ पैकी एक अक्षर येते. आपल्याकडे घरात काना-मात्रेसह अख्खे अक्षर बसते. जोडाक्षरे सोडून नुसती बाराखडी धरली तरी शक्यता ४००च्या वर जातात. म्हणून मराठीत एक अक्षर हाती लागणे फार मोलाचे असते. तीन अक्षरी शब्दाच्या मधल्या घरात ‘र’ आला तर चरण, मरण, सरळ, गरज, परत अशी रांगच लागते. शेवटी ‘ष्ठ’ आला तर मात्र वरिष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ, वसिष्ठ, पापिष्ठ अशी मोजकीच मंडळी उरतात. नवशिक्याने एक आडवापासून सुरुवात न करता जिथे जोडाक्षर निघण्याची शक्यता आहे तिथे आधी हात घालावा. याची दुसरी बाजू कोडेकाराच्या वाट्याला येते: अक्षरे जुळवणे अवघड, म्हणून काळी घरे वाढतात, शब्द आखूड होतात आणि छेद कमी पडतात. अशा वेळी सगळा भार सूत्रावर येतो, आणि आपले सूत्र म्हणजे नुसता समानार्थी शब्द.

याच सैलपणाची एकदा न्यायालयात झडती झाली होती. बक्षिसांच्या शब्दस्पर्धांचे पेव फुटले तेव्हा १९५५च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना मनाई केली. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरहून निघणारी आणि मुंबई राज्यात खपणारी अशी एक स्पर्धा जुगार ठरवली. सारखेच चपखल बसणारे पर्याय, आणि त्यांतला बरोबर कोणता हे संचालकांनी ठरवणार! त्यात कौशल्य ते काय? बक्षीस नसले म्हणून ‘हात (२)’ची जात बदलत नाही.

इंग्रजीत याचा विचार झाला. ‘ऑब्झर्व्हर’चे कोडेकार डेरिक मॅकनट यांनी १९६६च्या पुस्तकात सूत्राची घडण बांधून दिली: एक भाग अर्थ सांगणारा, दुसरा भाग शब्दाच्या घडणीतून त्याच उत्तराकडे नेणारा, आणि त्यापलीकडे फालतू काही नाही. (त्यांचे टोपणनाव झिमेनेस, आधीच्या कोडेकाराचे टॉर्केमादा, दोन्ही नावे स्पॅनिश धर्मन्यायाधीशांची. छळाची कबुली तरी प्रामाणिक!) दोन वाटांनी एकाच उत्तराशी पोचलेल्याला पडताळ्यासाठी उद्याचा अंक लागत नाही.

हे मराठीला मानवणार नाही, असे ऐकवले जाते. ज्या भाषेत मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचले, तिच्याविषयी हे म्हणणे धाडसाचे आहे. ‘सरकारने लादलेला हात (२)’ एवढे म्हटले की पाणि, हस्त, बाहू, भुजा आपोआप गळतात. किंवा हे पाहा: ‘वाचक विस्कटला, की रानात लागतो (३)’. वाचकची अक्षरे फिरवली की चकवा.

खरी अडचण सामान्यरूपाची आहे. ‘विस्कटलेल्या वाचकाला’ लिहिले असते तर वाक्य अधिक सरळ झाले असते, पण ‘क’चा ‘का’ होऊन कच्चा मालच बदलला असता. म्हणून फिरवायचा शब्द प्रथमेत ठेवूनच वाक्य रचावे लागते. ते जमेपर्यंत या एका सूत्राने माझा अख्खा रविवार खाल्ला.