वाचनालयाचे नूतनीकरण : आराखड्यात कोण दिसत नाही?

मागच्या व्याख्यानात आपण 'सार्वजनिक' या शब्दाची थोडी चिरफाड केली. आज तोच शब्द घेऊन एका इमारतीत शिरायचं आहे. गावोगावची जुनी वाचनालयं सध्या नव्याने बांधली जाताहेत, दुरुस्त होताहेत, आणि पुष्कळ ठिकाणी दारावरची पाटीसुद्धा बदलते. 'वाचनालय' जातं आणि 'सामुदायिक अध्ययन केंद्र' येतं. पाटी बदलल्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. एकोणिसाव्या शतकात ज्यांना 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणत, त्यांचीच पुढे नगर वाचनालयं झाली. तेव्हाही कुणी कुरकुरलं असेलच. आम्हांला तपासायचं आहे ते एवढंच, की नव्या पाटीतले तिन्ही शब्द, म्हणजे समुदाय, अध्ययन आणि केंद्र, आतल्या खोल्यांत कुठे सापडतात का.

यासाठी एक कागद समोर ठेवतो. तालुक्याच्या एका गावातल्या, शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाचा आराखडा आमच्याकडे अभिप्रायासाठी आला होता. गावाचं नाव सांगत नाही. समितीतली मंडळी सज्जन आहेत आणि त्यांनी विश्वासाने कागद दिले. पहिल्याच पानावर हेलसिंकीच्या 'ओडी' ग्रंथालयाचं छायाचित्र. त्याखाली संकल्पचित्रं. तळमजल्यावर वातानुकूलित अभ्यासिका, प्रत्येक आसनाला क्रमांक, दिवा, प्लग आणि मासिक शुल्क. वर बहुउद्देशीय सभागृह. पुस्तकं मागच्या खोलीत सरकत्या बंद कपाटांत. सभासदाने चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक येणार. वर्तमानपत्रांचं लांब टेबल आराखड्यात नाहीच, त्या जागी भिंतीवर एक मोठा पडदा. चित्रांतली माणसं पाहिली तर सगळी पंचविशीतली, सगळ्यांच्या मांडीवर लॅपटॉप. चष्म्याला दोरी बांधून अग्रलेख वाचणारे आजोबा नाहीत. भाजीची पिशवी पायाशी ठेवून मासिक चाळणारी बाई नाही. आणि चोवीस पानांत 'ग्रंथपाल' हा शब्द एकदाही नाही. 'व्यवस्थापक, अर्धवेळ' असा आहे, देखभाल-खर्चाच्या तक्त्यात, लिफ्टच्या वार्षिक कराराच्या खाली.

आता ओडीचं छायाचित्र लावलंच आहे, तर ओडी काय आहे ते पाहू. फिनलंडच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीची भेट म्हणून ही वास्तू ठरली आणि ५ डिसेंबर २०१८ रोजी, तिथल्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, उघडली. जागा निवडली ती संसदेच्या समोरची. मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रं आहेत, त्रिमितीय छपाईची यंत्रं आहेत, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या आहेत. आपल्याकडे येतात ती छायाचित्रं बहुधा इथली. पण त्याच्या वरचा अख्खा मजला पुस्तकांचा आहे, सुमारे एक लाख पुस्तकं, सगळी हात लावता येतील अशी. आणि या सगळ्याच्या मागे एक कायदा आहे. फिनलंडचा सार्वजनिक ग्रंथालयांचा नवा कायदा २०१७ पासून लागू झाला. त्यात ग्रंथालयाचा वापर आणि पुस्तक घरी नेणं विनामूल्य ठेवलं आहे, आणि लोकशाही व सक्रिय नागरिकत्व यांना बळ देणं हे कायद्याचं उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवलं आहे. आपल्या आराखड्याने ओडीचा वळणदार लाकडी दर्शनी भाग घेतला, कायदा घेतला नाही, आणि वरचा मजला तर साफ गाळला.

हेलसिंकीऐवजी समितीने बर्मिंगहॅमचं छायाचित्र लावायला हवं होतं असं आम्ही त्यांना म्हटलं. थोडं खोचक होतं, पण कारण होतं. बर्मिंगहॅम शहराने १९७४ मध्ये एक प्रचंड मध्यवर्ती ग्रंथालय उघडलं, चाळीसेक वर्षांत ते जुनाट ठरवलं, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये सुमारे १८.८ कोटी पौंड खर्चून नवं उघडलं. उद्घाटन मलाला युसुफझाईच्या हस्ते झालं. यापेक्षा योग्य पाहुणा शोधून सापडला नसता. वास्तू सुंदर आहे, सोनेरी-काळ्या कड्यांच्या जाळीची. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत, आणि २०१५ मध्ये महापालिकेकडे ती चालवायला पैसे उरले नाहीत. आठवड्याला ७३ तास उघडं असणारं ग्रंथालय ४० तासांवर आलं. निम्म्याच्या आसपास नोकऱ्या गेल्या. पुढे काही तास परत मिळाले, ही गोष्ट वेगळी. पण ४० तास म्हणजे काय याचा हिशेब करून पाहा. जो दिवसभर कामावर असतो त्याच्यासाठी दार जवळजवळ बंदच. जुनी इमारत तोवर रिकामी पडली होती. पुढे ती पाडली गेली.

इथे आमचा मुख्य आक्षेप येतो. इमारतीचा पैसा एकदाच लागतो, आणि तो मिळवता येतो. आमदार निधी असतो, देणगीदार असतात, दालनाला वडिलांचं नाव द्यायला तयार असलेली मुलं असतात. संध्याकाळी सात वाजता टेबलामागे बसलेल्या माणसाचा पगार मात्र दर महिन्याला लागतो, आणि त्या पगाराला कुणाच्या वडिलांचं नाव देता येत नाही. म्हणून सगळ्या आराखड्यांत काच वाढते आणि माणूस अर्धवेळ होतो. आणि 'अध्ययन' तर त्या माणसाशिवाय घडणारच नाही. 'मला शेततळ्याच्या योजनेबद्दल वाचायचंय', 'पोराला गोष्टीचं पुस्तक पाहिजे पण त्याला जोडाक्षरं जमत नाहीत' — अशा वाक्यांना पडदा उत्तर देत नाही. उत्तर देतो तो दोन्ही ओळखणारा, कपाटही आणि समोरचा चेहराही.

हे काही आमचं नवं संशोधन नाही. रंगनाथन मद्रासला आधी गणित शिकवायचे आणि १९२४ मध्ये ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी पाच नियम प्रसिद्ध केले. पहिला नियम सर्वांना पाठ असतो, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. परीक्षेत तेवढं लिहून गुण मिळतात. पण त्या नियमाखाली त्यांनी काय काय चर्चा केली आहे ते पाहा : ग्रंथालय गावात कुठे असावं, किती वेळ उघडं असावं, फर्निचर कसं असावं, आणि सेवक कसे असावेत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला याचं फार कौतुक वाटतं, कारण एका अमूर्त विधानातून ते थेट दाराच्या वेळेवर आणि कपाटाच्या उंचीवर उतरतात. हात पोचणार नाही इतकं उंच कपाट म्हणजे नियमाचा भंग! मग आपल्या आराखड्यातली ती सरकती बंद कपाटं आणि चिठ्ठी? मुक्तद्वार पद्धत आपल्याकडे शब्द म्हणून कधीचीच रुळली आहे. प्रत्यक्षात सभासद अजून काउंटरच्या अलीकडे उभा. नूतनीकरणातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे कपाटांची कुलपं काढणं. चोरी होईल, पुस्तकं इकडची तिकडे होतील, हे खरं आहे. तेवढ्यासाठीच तर माणूस ठेवायचा.

आता अभ्यासिकेबद्दल, कारण इथे आमच्यावर अन्याय्य बोलल्याचा आरोप येऊ शकतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना जागा हवी, हे आम्ही मान्य करतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही असताना राज्यघटनेची कलमं कशी पाठ होणार? पुण्यात सदाशिव पेठेत फिरा, दर दोन इमारतींआड एक खाजगी अभ्यासिका आहे. तिथे न परवडणाऱ्या मुलीला वाचनालयाने कमी पैशांत खुर्ची दिली, तर ते चांगलंच काम झालं. आमचं म्हणणं पुढचं आहे. ही मुलगी सकाळी आठला येते, स्वतःची पुस्तकं स्वतःच्या पिशवीतून काढते, रात्री दहाला जाते. वाचनालयाचं एकही पुस्तक तिच्या हाताला लागत नाही, वाचनालयातल्या एकाही माणसाशी तिचं बोलणं होत नाही. काहीशे जागा आणि लाखो अर्ज असं हे गणित आहे; तीन-चार वर्षांनी यांतली बहुतेक मुलं ती खुर्ची सोडतात. तेव्हा त्यांच्याकडे पुढे काय, हा प्रश्न असतो, आणि ज्या इमारतीत त्यांनी हजारो तास काढले ती त्यांना आसन क्रमांक ४७ म्हणून ओळखत असते. याला समुदाय म्हणायचं का? आम्ही म्हणणार नाही. एकाच छताखाली एकट्याने बसलेली ती शंभर माणसं आहेत.

ग्रीक भाषेत 'स्खोले' असा शब्द आहे. 'स्कूल' त्याच्यावरून आला. मूळ अर्थ रिकामा वेळ, फुरसत. कामातून सुटलेल्या वेळात माणूस जे करतो ते शिक्षण, अशी ती कल्पना होती; अर्थात ती फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती हेही लगेच सांगून टाकतो, नाहीतर तुमच्यातले चिकित्सक मित्र प्रश्नोत्तरांत पकडतील. सार्वजनिक वाचनालयाची गंमत ही, की ते फुरसत कुणाला परवडते याचा विचार न करता खुर्ची देतं. वर्तमानपत्राचं टेबल हे त्याचं सगळ्यात साधं रूप. तिथे बसायला हेतू लागत नाही, शुल्क लागत नाही, क्रमांक नसतो. दोन अनोळखी माणसं एकच पेपर अर्धा-अर्धा वाटून घेतात आणि पाचव्या मिनिटाला ऊसदरावर वाद घालतात. गावात आता अशा जागा किती उरल्या? देऊळ आहे, चहाची टपरी आहे. देवळात वाद घालत नाहीत, आणि टपरीवर बाया बसत नाहीत.

पैशाचं काय, असं समितीने विचारलं. रास्त आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली, आणि त्या वाढीनंतरही 'ड' वर्गाच्या वाचनालयाला मिळणारं वर्षाचं अनुदान पन्नास हजारांच्या आतच होतं. त्यात पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज. म्हणून समित्या अभ्यासिकेच्या शुल्काकडे वळतात, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. दोष आहे तो या टंचाईला 'अध्ययन केंद्र' असं भारदस्त नाव देण्यात. खुर्च्या भाड्याने देऊन वाचनालय जगवतो आहोत असं सरळ म्हणावं. मग त्या भाड्यातून काय जगवायचं हे तरी नीट ठरवता येईल.

मुंबईतलं एक उदाहरण देतो. काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय २०२३ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं. दगडी कमानी, मागची बाग, सगळं आपल्या जुन्या रूपाच्या जवळ आणलं आहे. काम छान आहे, जाऊन पाहा. फक्त एक लक्षात ठेवा. ती इमारत १८७० ची, पण संस्था १८४७ ची, आणि तिची सुरुवात सरकारी टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या कारागिरांनी केली. 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' म्हणत तिला. कामावरून सुटल्यावर यंत्रविद्येची व्याख्यानं ऐकायची, वाचायचं, आपापसांत बोलायचं. सामुदायिक अध्ययन केंद्र म्हणतात ते हेच, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आणि वातानुकूलनाशिवायचं. तिथे जी गोष्ट आधी आली ती माणसांची गरज. दगड तेवीस वर्षांनी आले.

त्या आराखड्यावर आम्ही शेवटी चारच गोष्टी लिहून दिल्या. वर्तमानपत्रांचं टेबल तळमजल्यावर, खिडकीपाशी, कारण म्हातारी माणसं जिना चढत नाहीत. पुस्तकांची कपाटं उघडी आणि अभ्यासिकेच्या वाटेवर, म्हणजे पाणी प्यायला उठलेल्या मुलीची नजर तरी जाईल. सभागृह लग्नाच्या हंगामात भाड्याने द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ते गावाचे. आणि काच थोडी कमी करून एका पूर्णवेळ ग्रंथपालाच्या किमान पाच वर्षांच्या पगाराची ठेव.

समितीने टेबल मान्य केलं. कपाटांबद्दल वास्तुविशारदाशी बोलणं चालू आहे. दोन संध्याकाळींवर मतभेद आहेत. ठेवीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.