खोलणे आणि बांधणे : मोटारसायकलच्या इंजिनाची मराठी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या फलकांवर व्यवसायांची मराठी नावे लिहिलेली असतात. फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, वेल्डर म्हणजे संधाता, वायरमन म्हणजे तारतंत्री. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहती असल्यामुळे या व्यवसायांत शिकलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात. त्यांतल्या एकानेही मला आजवर ‘मी कातारी आहे’ असे सांगितलेले नाही. ‘टर्नर केलंय’ असेच सांगतात. गंमत अशी की यांतला ‘कातारी’ हा शब्द कुणी समितीत बसून घडवलेला नाही. लाकूड कातणाऱ्या कारागिराचे ते जुने, चालते नाव आहे. तरीही लेथपाशी तो टिकला नाही. तेव्हा ‘परिभाषा कृत्रिम होती म्हणून रुजली नाही’ हे नेहमीचे उत्तर पुरेसे नाही.

मराठी तंत्रभाषेवरच्या आपल्या चर्चेत एक मूलभूत चूक आहे आणि ती दाखवण्यासाठी मी एक लहान क्षेत्र निवडले आहे. मोटारसायकलचे इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा चालते करणे, एवढेच. हे काम मी घरी केलेले आहे, त्यामुळे शब्द कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नुसता शोभेला उरतो, याबद्दल थोडे अधिकाराने बोलता येईल. बाकीचे शब्द गॅरेजांत आणि बोअरिंगच्या दुकानांत बसून वहीत उतरवलेले आहेत.

आधी ग्रंथांकडे पाहू. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. इंजिनाच्या नोंदींत विश्वकोशाने जी भाषा वापरली, तिच्याकडे हसून पाहण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. पिस्टनला ‘दट्ट्या’ हा शब्द उत्तम आहे. पिचकारीतला दट्ट्या ज्याने दाबला आहे त्याला पिस्टन कळलाच. ‘झडप’ चांगला, ‘वंगण’ तर बैलगाडीच्या आसापासून चालत आलेला. बेअरिंगला ‘धारवा’ म्हणणाऱ्याला भाषेचा कान होता, यात शंका नाही. ‘भुजादंड’ आणि ‘प्रचक्र’ यांच्यापाशी मात्र मी थांबतो. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील हे दोन्ही भाग हातात धरले, तरी या शब्दांतून त्यांच्याविषयी काही नवे कळत नाही.

पण यातला कोणताही शब्द चांगला की वाईट, हा प्रश्न दुय्यम आहे. हे सगळे शब्द नामे आहेत. सावरकरांच्या भाषाशुद्धीपासून (त्यांचे भगूर इथून जवळच) शासनाच्या परिभाषा कोशांपर्यंत आपण नामांसाठीच भांडलो. ‘महापौर’ रुजला, ‘चित्रपट’ रुजला. कारण ते शब्द कागदावर आणि व्यासपीठावर लागत होते. चालू इंजिनाच्या आवाजावर ओरडून, तेलकट हातांनी, समोरच्याला चटकन कळावेत म्हणून ते लागत नव्हते. जिथे तशी गरज होती तिथे नाम सुट्या भागाच्या डब्यावर छापून आले आणि तेच राहिले. मराठी राहिली ती क्रियापदांत. तिकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही.

उदाहरण म्हणून यामाहा आरएक्स १०० घेऊ. एस्कॉर्ट्सने १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवलेली ही गाडी नाशिकच्या रस्त्यांवर अजून दिसते, म्हणजे दिसण्याआधी ऐकू येते. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. हिशेब केला तर ९८ घन सेंटिमीटर. टू-स्ट्रोक असल्यामुळे सिलिंडरच्या डोक्यात झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टन स्वतःच झाकतो आणि उघडतो. घरी उघडायला याहून सोपे इंजिन मिळणे कठीण.

गॅरेजात या कामाची दोन नावे आहेत, ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’. हाफ म्हणजे वरचे काम, हेड, सिलिंडर, पिस्टन, रिंगा. फुल म्हणजे क्रँककेस फोडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगे, ऑइल सील. नावे इंग्रजी खरी, पण ही विभागणी इंग्रजी माहितीपुस्तकातली नव्हे, गिऱ्हाइकाला खर्च समजावून सांगण्याच्या गरजेतून आलेली आहे. पुढे क्रियापदे सुरू होतात. इंजिन आधी ‘उतरवतात’, म्हणजे चौकटीपासून वेगळे करतात. मग ‘खोलतात’. हेडचे नट ‘समोरासमोर’ आणि थोडे थोडे ‘ढिले’ करतात, एकच पूर्ण सोडला तर हेड वाकण्याची भीती. सिलिंडर ‘काढतात’ आणि लगेच खालच्या तोंडात फडके ‘कोंबतात’. कारण पिस्टनच्या पिनेचे लॉक, म्हणजे बोटाच्या पेराएवढी तारेची कडी, उडून आत पडली तर हाफ इंजिनाचे फुल इंजिन होते. कोंबणे हे क्रियापद कोणत्याही माहितीपुस्तकाला सुचणार नाही, पण फडके किती घट्ट हवे ते त्यातच सांगून झाले आहे.

मग पाहणी. सिलिंडरच्या आतून नख फिरवायचे. नखाला ओरखडा लागला की बोअर करावा लागणार. पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे मिळतात, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००, आणि त्या मापाला सिलिंडर आतून कातून घ्यायचा. कनेक्टिंग रॉडची परीक्षा तर मला फार आवडते. तो वर-खाली हलला की गेला, पण बाजूला थोडा हललाच पाहिजे. ‘गेला’ आणि ‘हललाच पाहिजे’ या दोन शब्दप्रयोगांत बेअरिंगच्या दोन दिशांच्या मोकळिकीतला फरक आला. वर-खालची मोकळीक म्हणजे झीज आणि बाजूची म्हणजे तेलाला वाट. माहितीपुस्तकात हेच सांगायला दोन आकृत्या आणि एक तक्ता लागतो.

उलट दिशेच्या कामाला ‘बांधणे’ म्हणतात. ‘इंजिन बांधलं’, ‘उद्या बांधून देतो’. शासकीय मराठीत याला ‘जोडणी’ म्हणतात. जोडणी दोन वस्तूंची होते, नळाची होते, विजेची होते. बांधतात ते घर, विहीर, मोळी, फेटा. बांधलेल्या गोष्टीत प्रत्येक भाग दुसऱ्याला धरून असतो आणि क्रम चुकला तर सगळे सोडावे लागते. इंजिनाला हाच शब्द योग्य आहे. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडे हवा. टू-स्ट्रोकच्या रिंगेची टोके खाचेतल्या बारीक खिळ्यावर यायला हवीत, नाहीतर ती फिरून खिडकीत अडकतील आणि मोडतील. हे सगळे सिलिंडर वरून सरकवण्याआधी. नंतर दिसत नाही.

‘बसणे’ या एका धातूवर तर स्वतंत्र टिपण लिहिता येईल. बेअरिंग ‘बसवतात’, ठोकत नाहीत. नवीन रिंगा काही शे किलोमीटरनंतर ‘बसतात’, तोवर गाडी दामटायची नाही, नाहीतर पिस्टन ‘पकडतो’. आणि शेवटी ‘इंजिन बसलं’ म्हणजे संपले, जसा आवाज बसतो, धंदा बसतो. एकच धातू सुबक जागी येण्यालाही चालतो आणि कोसळण्यालाही, तरी गॅरेजात कुणाचा घोटाळा होत नाही. तसेच आवाजाचे. थंड असताना ‘टकटक’ आणि गरम झाल्यावर कमी, म्हणजे पिस्टन आणि बोअर यांत अंतर पडले. एकसारखी ‘घरघर’ म्हणजे बेअरिंग. मराठीतले अनुकरणवाचक शब्द व्याकरणाच्या पुस्तकात एका परिच्छेदात आटोपतात. इथे ते रोगनिदानाची परिभाषा झाले आहेत, आणि परिभाषेचा पहिला नियम, एका शब्दाला एकच अर्थ, तेही काटेकोरपणे पाळतात.

मोटारसायकल आणि तत्त्वज्ञान म्हटले की आपल्याकडचे वाचक रॉबर्ट पर्सिगच्या १९७४च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’चे नाव घेतात. मोठेच पुस्तक आहे. पण त्यात एक प्रसंग आहे, इंजिन वारंवार पकडते म्हणून निवेदक गाडी दुकानात देतो, तिथले तरुण मिस्त्री रेडिओ लावून, हसतखेळत तिची नासधूस करतात आणि शेवटी दोष निघतो तेल पोचवणाऱ्या भागातल्या पंचवीस सेंटच्या एका तुटलेल्या पिनेत. यावरून पर्सिग निष्कर्ष काढतो की ती माणसे कामात नव्हतीच, प्रेक्षक होती. निष्कर्ष बिनतोड वाटतो, पण बोलतो आहे तो मालक. मिस्त्रीची बाजू त्या पुस्तकात नाही. त्याची तासाची मजुरी किती, दिवसात किती गाड्या, हे पर्सिग विचारत नाही. २००९ साली मॅथ्यू क्रॉफर्डने ‘शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट’ लिहिले. त्याने स्वतः मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान चालवलेले, म्हणून ती उणीव बरीचशी भरून निघते. तरी तोही तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन दुकानात आलेला. मराठीत या दोहोंपैकी काहीच नाही. मालकाचेही पुस्तक नाही आणि मिस्त्रीचेही नाही.

असे का व्हावे? त्रिंबक नारायण आत्र्यांचे ‘गाव-गाडा’ १९१५ साली आले. त्यात बलुतेदाराचे काम, त्याचे हक्क, त्याची लबाडी आणि त्याच्यावरचा अन्याय, सगळे गावच्या शब्दांत आहे. आत्र्यांची मते मला पुष्कळदा पटत नाहीत, कारागिराकडे ते साहेबाच्या नजरेने पाहतात. पण पाहतात. त्यानंतर गावातला लोहार-सुतार शहरात येऊन फिटर, टर्नर, मिस्त्री झाला आणि त्याच्याकडे तसे पाहणारे कुणी उरले नाही. १९२० साली एका कारखान्यातूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, म्हणजे दारातच संधी होती. मासिक वाढले ते कथा आणि कुटुंबाच्या वाचनाकडे. नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेत आणले. बाबूराव बागुल तर नाशिकजवळच्या विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत रेल्वेची नोकरी आहे, पण कथेचा जीव जातीत आहे, आणि तो तिथेच असायला हवा होता. बागुलांकडे यंत्राचे वर्णन मागणे हा वाचकाचा उद्धटपणा ठरेल. माझी तक्रार त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्यांच्या समीक्षेशी आहे. तिने ‘कामगार’ हा विषय मानला आणि ‘काम’ हा विषय मानला नाही. कामगाराचे शोषण मोजता आले, त्याचे कौशल्य काय होते हे नोंदवायचे राहिले. ते न नोंदवता शोषण नेमके कशाचे झाले तेही अर्धेच सांगितले जाते.

या भाषेचे गोडवे गाताना दोन गोष्टी लपवता येत नाहीत. एक म्हणजे ही निखळ मराठी नाही. ‘खोलणे’, ‘कसणे’, ‘उस्ताद’ हे हिंदी-उर्दूच्या वाटेने आले, आणि नाशिकमधले कितीतरी उत्तम मिस्त्री मुसलमान आहेत. त्यांच्या दुकानात वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपते. शुद्धीवाल्यांना ते खपणार नाही, मला त्यात काही वावगे वाटत नाही. दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. ही भाषा शिकवण्याची शाळा म्हणजे पेट्रोलच्या टबात भाग धुणारा ‘छोटू’. बालमजुरीचा १९८६चा कायदा २०१६ साली कडक झाला, चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे गुन्हा ठरले, आणि ते योग्यच झाले. पण नऊ-दहा वर्षांच्या वयात हाताला लागलेले ज्ञान दुसऱ्या कोणत्या वाटेने पोचवायचे, याची सोय कुणी केली नाही. प्रशिक्षण संस्थेत ‘जोडारी’ आहे, ‘नखाला लागलं की बोअर’ नाही.

आणि हातावरचा विश्वासही मर्यादेत हवा. नट किती आवळायचा हे मिस्त्री ‘हाताला कळतं’ म्हणतो. त्याच्या हाताला कळते, शेकडो इंजिनांनंतर. घरी काम करणाऱ्याने टॉर्क पाना घ्यावा आणि माहितीपुस्तकातला आकडा पाळावा. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटे एकदा गेले की मोठी कटकट असते. (‘आटे ढिले’ हा वाक्प्रचार आपण माणसांच्या डोक्यासाठी सर्रास वापरतो. ‘आटे गेले’ मात्र अजून साहित्यात यायचा आहे.)

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. बहुतेक नव्या मोटारसायकलींतला कार्बोरेटर गेला, इंधन सोडण्याचा हिशेब संगणकाकडे आला. विजेवरच्या गाडीत पिस्टनच नाही. टू-स्ट्रोक मोटारसायकली तर त्याआधीच बाजारातून गेल्या होत्या. यात रडण्यासारखे काही नाही, धूर कमी झाला ते चांगलेच. पण क्रँक दाबयंत्रावर सोडवून, नवा रॉड घालून, पुन्हा दाबून, दोन्ही बाजू एका रेषेत आणणारी माणसे आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या हाताखाली कुणी नाही. शब्दकोशाच्या कामाला निधी मिळतो तेव्हा तो बहुधा नव्या प्रतिशब्दांसाठी मिळतो. त्यातला थोडा जरी अशा दुकानांत ध्वनिमुद्रण करायला वळवला, तर एका जिल्ह्याचे काम दोन पावसाळ्यांत होईल. पावसाळ्यात कारण तेव्हा गिऱ्हाईक कमी असते आणि मिस्त्री बोलतात. नामे विचारू नयेत, ती डब्यावर छापलेली आहेत. समोर एखादे इंजिन ठेवावे, खोलायला सांगावे, आणि हात काय करतो आहे ते बोलत राहायला सांगावे.