तेरा दिवसांत न तरलेलं पुस्तक

लेखकावर धर्माचा हुकूम सुटला की मराठी माणसाला आधी इंद्रायणी आठवते. रामेश्वर भटांनी तुकारामांच्या वह्या बुडवायला लावल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या. गोष्ट लाडकी खरी, पण तिनं आपल्याला एक वाईट सवय लावली. बुडवलेलं शेवटी तरतंच, असं आपण धरून चालतो.

जबलपूरला काय झालं ते पाहावं. गजानन माधव मुक्तिबोध घरचे मराठी आणि लिहायचे हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. राजनांदगावच्या कॉलेजात शिकवत असताना गजाननरावांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिलं. ते 1962 साली निघालं आणि त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारनं त्यावर बंदी घातली. धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली होती. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेलं. आक्षेपाचे उतारे गाळा आणि मग छापा, असा निकाल 1963 मध्ये लागला. फतवा लागला नाही. राजपत्रातल्या चार ओळींनी काम भागलं. मुक्तिबोध 1964 च्या सप्टेंबरात गेले, सेहेचाळिसाव्या वर्षी, पहिला कवितासंग्रह हाती पडण्याआधीच. ‘अंधेरे में’ ही कविता या बंदीतून जन्मली असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. कविता आधीपासून लिहिली जात होती. कवीला येणारं संकट अगोदर दिसलं होतं, एवढंच.

त्यांची ‘एक साहित्यिक की डायरी’ छापणारं ‘वसुधा’ मासिक जबलपूरचंच, संपादक हरिशंकर परसाई. भोंदू साधूंची आणि धर्माच्या दुकानांची परसाईंनी आयुष्यभर सालटी काढली. 1973 मध्ये काही जणांनी घरात शिरून त्यांना मारलं. त्यावर त्यांनी ‘पिटने-पिटने में फर्क’ हा लेख लिहिला. मार खाऊन आलेला माणूस स्वतःच्या मारावर हसवतो, ही ताकद मराठी विनोदात आज मला दिसत नाही. ‘बुवा तेथे बाया’ लिहिणारे अत्रे गेले आणि आपला विनोद गुदगुल्यांवर आला. बुवा मात्र वाढले.

चरित्रात्मक कादंबरीचं त्याहून वाईट झालं. आनंद यादवांची ‘संतसूर्य तुकाराम’ वारकऱ्यांच्या विरोधानंतर मागे घेतली गेली. 2009 च्या महाबळेश्वर संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष, पण अध्यक्षपद सोडावं लागलं. कादंबरी म्हणून ती मला फारशी उंचीची वाटत नाही. पण ते ठरवणं समीक्षकाचं काम होतं, आणि समीक्षकांनी तेव्हा तोंड उघडलं नाही. संतांवर लिहिणारा आज लेखणी उचलण्याआधीच उतारे गाळतो. त्याला न्यायालयाची गरजच उरलेली नाही.

रश्दींवर त्यांच्या कादंबरीसाठी खोमेनींचा फतवा निघाला 14 फेब्रुवारी 1989 ला. आपल्या सरकारनं ते पुस्तक देशात येणं त्याच्या चार महिने आधीच रोखलं होतं. 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं विचारलं, तर ती अधिसूचनाच कुणाला सापडेना. हुकमाचा कागद हरवला, धाक टिकला.

मुक्तिबोधांचं पाठ्यपुस्तक न गाळता, अख्खं छापून आलं 2009 मध्ये. त्यांना जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती.