आठ वाक्यांची प्रतिज्ञा

केमचं नाव घेतलं की सोलापूर जिल्ह्यात आधी कुंकू आठवतं, मग उत्तरेश्वराचं देऊळ. करमाळा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं हे गाव. इथलं कुंकू दूरदूरच्या देवघरांत पोचतं. तरी सकाळच्या परिपाठाला इथल्या शाळेतही तेच होतं, जे चंद्रपूर किंवा सावंतवाडीत होतं. एक मूल पुढे येतं, बाकीचे उजवा हात समोर ताठ धरतात आणि प्रतिज्ञा सुरू होते. इतकी पाठ असल्यामुळेच ती कुणी वाचत नाही. एकदा वाचायला हवी.

मजकूर आठच वाक्यांचा. पहिली चार वाक्यं ‘आहे’, ‘आहेत’ म्हणत जातात: देश, बांधव, प्रेम, अभिमान. (बांधवांच्या वाक्यावर ‘मग लग्न कुणाशी करायचं?’ हा विनोद मराठी शाळेत प्रत्येक पिढीला नव्याने सुचतो.) पुढे क्रियापदाचा काळ बदलतो. परंपरांचा पाईक होण्याची पात्रता अंगी यावी म्हणून प्रयत्न करीन, वडीलधाऱ्यांचा मान ठेवीन, प्रत्येकाशी सौजन्याने वागेन. अभिमान आहे, पण पात्रता अजून यायची आहे, ही कबुली मला सगळ्यांत मोलाची वाटते. आणि ‘प्रतिज्ञा करीत आहे’ हे शब्द थेट सातव्या वाक्यात येतात. तिथेही निष्ठा देशाबरोबर देशबांधवांशी आहे. शेवटच्या वाक्यात तर वचनच नाही. त्यांच्या कल्याणात माझं सौख्य, एवढं सांगून मजकूर थांबतो.

यात झेंडा नाही, सीमा नाही, शत्रू नाही, देवही नाही. अमेरिकेची १८९२ची प्रतिज्ञा झेंड्यापासूनच सुरू होते, आणि १९५४मध्ये तिच्यात देवाचा उल्लेख घातला गेला. आपली प्रतिज्ञा लिहिली गेली १९६२मध्ये, म्हणजे चीनशी युद्ध झालं त्या वर्षी. तरी तिच्यात युद्धाचा वासही नाही. अशा वर्षी सौजन्याचा विचार सुचणं सोपं नव्हतं.

तो सुचला पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांना. मूळचे नलगोंडा जिल्ह्यातले, विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी, लिहिलं तेलुगूत. १९६३मध्ये तिथल्या एका शाळेत ती वाचली गेली. १९६४मध्ये बेंगळुरूला एम. सी. छागला यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली आणि २६ जानेवारी १९६५पासून ती शाळाशाळांत म्हणायचं ठरलं. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर राष्ट्रगीताशेजारी ती छापलेली असते, खाली लेखकाचं नाव मात्र अनेकदा नसतं. आपलं लिखाण देशभर म्हटलं जातंय हे सुब्बारावांना नातीच्या पुस्तकातून कळलं, असं सांगतात. १९८८मध्ये ते गेले.

महाराष्ट्रातल्या परिपाठात आता संविधानाची उद्देशिकाही वाचतात. तिचा कर्ता ‘आम्ही’ आहे. प्रतिज्ञेत मात्र मैदानभर पोरं एका सुरात ओरडतात आणि तरी प्रत्येक जण ‘मी’च म्हणतो. प्रत्येकाशी नीट वागण्याचं काम त्यामुळे शेजारच्या रांगेवर ढकलता येत नाही. सातवीतल्या मुलाला हे ऐकवून पाहा. तो आधी हसेल, मग शेजारच्याला कोपर मारायचा थांबेल, निदान ‘वागेन’ म्हणून होईपर्यंत.