बटण नसलेलं म्यान

फिनलंडचा पूक्को हातात आला की बहुतेकजण तो लगेच म्यानातून उपसतात आणि पात्याची धार बघतात. त्याआधी म्यान उलटं करावं आणि त्याची पाठ पाहावी, असा माझा आग्रह आहे. ही सुरी घडवणारा कसा आहे, ते तिथल्या शिवणीवरून आधी कळतं.

माझ्यासमोरचा पूक्को तांपेरेला राहणाऱ्या एका मित्राने घरी केलेला आहे. फिनलंडमध्ये गावोगावी प्रौढांसाठी शिक्षणसंस्था आहेत. त्यांच्या संध्याकाळच्या वर्गांत भाषा आणि विणकामाच्या जोडीने पूक्को बनवायलाही शिकवतात. तिथे तो हे शिकला. पातं लोहाराकडून तयार आणलेलं, मूठ आणि म्यान त्याचं स्वतःचं. तिथले बरेच हौशी लोक असंच करतात आणि मला ही वाटणी पटते. पोलादाला भट्टी लागते. लाकूड, साल आणि चामडं मात्र स्वयंपाकघराच्या टेबलावरही ऐकतं.

तर शिवण. म्यानाच्या पाठीवर मधोमध, तोंडापासून टोकापर्यंत एकच. चामड्याच्या दोन कडा एकमेकींना भिडवल्या आहेत आणि मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने शिवल्या आहेत. दोरा एक, सुया दोन. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून एक सुई इकडून तिकडे जाते आणि दुसरी तिकडून इकडे. मग दोन्ही हातांनी दोन्ही टोकं एकदम, सारख्या जोराने ओढायची. म्हणून शिवणीच्या जवळजवळ चौपट लांबीचा दोरा घ्यावा लागतो. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक टाका तुटला की शेजारचे सैल पडत जातात. इथे एक टाका झिजून तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी घट्ट राहतात. या म्यानाचे तोंडाजवळचे काही टाके जरा दाटीवाटीचे आहेत, दोन तर किंचित तिरके. पुढे अंतर सारखं होत जातं, आणि टोकाकडे हात इतका स्थिरावलेला दिसतो की टाक्यांचा कल एका रेषेत येतो. शिवताना माणूस कसा रुळत गेला, ते त्या शिवणीत तसंच राहिलं आहे. मला या सबंध वस्तूत हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

ही शिवण ओल्या चामड्यावर घातली जाते, ही खरी मेख आहे. चामडं दोन-अडीच मिलिमीटर जाडीचं, झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं. कोमट पाण्यात भिजवलं की ते मऊ पडतं. सुरी प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून आत ठेवायची, चामडं तिच्याभोवती ओढून शिवायचं आणि मग अंगठ्याने दाबत दाबत मुठीचा प्रत्येक उंचवटा त्यावर उमटवायचा. वाळताना चामडं आकसतं आणि तो आकार कायमचा धरतं. क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्याला हे जमत नाही. ते वाळलं की पुन्हा लुळं पडतं. फिनलंडमध्ये पूर्वी या कामाला विलोची साल वापरत. आपल्याकडे कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. नवी कोल्हापुरी आधी पाय चावते आणि मग घामाने, वजनाने हळूहळू त्याच पायाची होऊन जाते. चामड्याचा तोच गुण इथे सुरीच्या कामी आला आहे.

त्यामुळे या म्यानाला बटण नाही की मुठीवरून घ्यायचा पट्टा नाही. पूक्कोची अर्धीअधिक मूठ म्यानात उतरते आणि चामडं तिला सगळीकडून धरून ठेवतं. उपसताना हाताला आधी नकार जाणवतो, मग एका ठरावीक क्षणी पकड सुटते. परत घालताना शेवटचा अर्धा सेंटिमीटर मूठ आपणहून आत ओढली गेल्यासारखी वाटते.

मूठ भूर्जाच्या सालीची आहे. हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या. हा त्याच कुळातला उत्तरेचा वृक्ष. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढलेला असतो तेव्हा त्याची साल सहज सुटून येते. तिचे छोटे चौकोन कापायचे, मधे भोक पाडायचं आणि पात्याच्या निमुळत्या शेपटीवर एकामागून एक ओवायचे. एकाचा पोत उभा, दुसऱ्याचा आडवा. मग शिकंज्यात आवळायचे. शेवटी पितळेची चकती, आणि तिच्यातून बाहेर आलेलं शेपटीचं टोक हातोडीने ठोकून पसरवायचं, म्हणजे सगळा गठ्ठा त्या एका ठोकलेल्या टोकावर दाबात राहतो. पुढे सुरीने तासणी, कानस, पॉलिश पेपर. घासून झाल्यावर मुठीवर बारीक तपकिरी रेघा उमटतात, जुन्या पोथीच्या पानांच्या कडांसारख्या. हात ओला असला तरी ही मूठ निसटत नाही, आणि उणे वीस अंशांतही बोटांना गार लागत नाही.

एव्हाना एक गोष्ट लक्षात आली असेल. टाका दोन्हीकडून ओढलेला आहे, चामडं मुठीवर आकसलेलं आहे, साल पितळेखाली दाबलेली आहे. हा पूक्को ताणावर उभा आहे. डिंकाचा थोडाफार आधार असेलही, पण तो गौण.

तापिओ विर्क्काला या थोर फिनिश कलावंताने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅकमन कंपनीसाठी पूक्कोची रचना केली. पितळ आणि काळं नायलॉन वापरलेली ती सुरी फार देखणी आहे. तिची रेषा मला आजही मोहवते. पण साच्यातून आलेल्या मुठीत काहीच कशाला आवळून धरत नाही, आणि समोरची सालीची मूठ पकडल्यावर तो फरक तळव्याला कळतो.

मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोटं अडवणारी आडवी पट्टी नाही, हेही पाहण्यासारखं आहे. पूक्को भोसकण्यासाठी घडवलेला नाही. लाकूड तासताना अंगठा पात्याच्या अगदी जवळ आणावा लागतो, तिथे पट्टी आडवी आली असती. सगळेच पूक्को असे साधे नसतात. कौहावा गावात इसाक्की यार्वेनपा यांनी १८७९मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे पूक्को घोड्याच्या डोक्याच्या मुठीमुळे प्रसिद्ध झाले. ते दिमाखदार आहेत, त्यांचा मान मोठा आहे. मात्र रोज कामाला घ्यायचा असेल तर मी हा बिननक्षीचा निवडेन.

एक भाग बाहेरून दिसतच नाही. म्यानाच्या आत लाकडाची एक पोकळ खोळ आहे. फिनिश लोक तिला लेस्ता म्हणतात. लाकडाचे दोन पातळ तुकडे आतून पात्याच्या मापाने कोरून एकमेकांना चिकटवलेले. ती नसती तर धारेने एखाद दिवशी टाके कापले असते. शिवाय चामड्यातलं टॅनिन दमट हवेत पोलादाला लागलं की काळे डाग पडतात. मित्राने लेस्ताची बाहेरची बाजूसुद्धा कागदाने घासून गुळगुळीत केली आहे, चामड्याखाली ती कुणालाच दिसणार नाही हे माहीत असूनही. म्यान भिजलं तर ते शेकोटीजवळ न धरता सावलीत वाळवायचं, नाहीतर चामडं तडकतं. आणि कधी ते झिजलंच, तर टाके उसवून त्याच लेस्तावर नवं चामडं भिजवून शिवता येतं.