डॉसबॉक्सच्या खिडकीतला वाघ

चिखलदऱ्याच्या एका शिक्षकांनी नव्वदच्या दशकात कोरकू-मराठी शब्दांची यादी अमरावतीच्या एका कचेरीतील संगणकावर टंकून घेतली होती. तो संगणक केव्हाच भंगारात गेला, फ्लॉपी उरली. मेळघाटच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते. ही मात्र वाचता आली. शाळेतल्या जुन्या संगणकावर आज लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. त्यावर 'डॉसबॉक्स' बसवले की डॉसच्या काळातले सगळे काही चालते, असे सांगितले जाते. आम्ही ते तपासून पाहिले.

प्रथम गुणांविषयी. २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ही आज्ञावली विनामूल्य आहे. ती नुसते डॉस आणत नाही, तर डॉस ज्या यंत्रावर चालत असे त्या यंत्राचीच नक्कल करते. जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा ती वाचते, तिचा अर्थ लावते आणि तेच काम आजच्या प्रोसेसरकडून करून घेते. एका जुन्या आज्ञेसाठी आजच्या यंत्राला अनेक आज्ञा पाळाव्या लागतात, म्हणून आपला संगणक जुना असेल तर त्याची दमछाक होते. वेग मात्र आपल्या हातात असतो. सुरुवातीला तो बहुधा दर मिलिसेकंदाला ३००० आज्ञा इतका असतो. कंट्रोल आणि एफ-११ दाबले की कमी होतो, एफ-१२ ने वाढतो. बेसिकमध्ये दहा हजारांपर्यंत मोजणारी छोटी आज्ञावली लिहून वेगवेगळ्या वेगांना लागणारा वेळ मुलांकडून घड्याळावर मोजून घ्यावा. 'संगणकाचा वेग' म्हणजे काय हे फळ्यावर सांगण्यापेक्षा असे चांगले कळते. एवढ्यासाठीही डॉसबॉक्स शाळेत असावे.

आता यादीकडे वळू. ती उघडली आणि पडद्यावर अक्षर एकही नाही. नुसत्या रेघा, कोपरे, ठोकळे. फाइल बिघडलेली नव्हती. ती इस्की या भारतीय मानकात (१९९१) साठवलेली होती. कोरकूत वाघाला 'कुला' म्हणतात. इस्कीत क म्हणजे १७९, उकार २२१, ल २०९ आणि काना २१८. अमेरिकन पीसीच्या मूळ अक्षरसंचात याच क्रमांकांना अनुक्रमे उभी रेघ, अर्धा ठोकळा, चौकटीचा सांधा आणि कोपरा आहे. डॉसबॉक्सने तेच इमानदारीने दाखवले. मेळघाटातला वाघ तक्त्याच्या तुकड्यांत विखुरला!

त्या काळी हे क्रमांक देवनागरीत उमटवत असे 'जिस्ट' कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. संगणकाच्या खाचेत ते कार्ड बसवले की डीबेससारख्या इंग्रजी आज्ञावल्यांतही मराठी लिहिता येई. डॉसबॉक्समध्ये ते कार्ड नाही. साउंड ब्लास्टर हे आवाजाचे कार्ड मात्र बारकाव्यांसकट आहे, कारण ही आज्ञावली मुख्यतः जुन्या खेळांसाठी घडली. त्यात गैर काही नाही. पण मग तिला 'डॉसचे सगळे' म्हणू नये. कर्त्यांनी ज्या यंत्राची कल्पना केली तेवढ्याचीच नक्कल होते, आणि त्या यंत्रावर मराठी नव्हते.

तंत्राची मर्यादा म्हणून हे सोडून देता येणार नाही. डॉसबॉक्सपासूनच निघालेल्या 'डॉसबॉक्स-एक्स'मध्ये जपानचा एनईसी पीसी-९८ हा संगणक त्याच्या जपानी अक्षरांसह चालतो. ज्यांना गरज होती त्यांनी ते कष्ट घेतले.

यादी आम्ही दुसऱ्या मार्गाने वाचवली. इस्कीतला १७९ युनिकोडमध्ये २३२५ होतो. असा अक्षरांचा तक्ता करून सगळी फाइल बदलून घेतली. शब्द परत मिळाले. कार्डासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या मात्र अशा बदलून घेता येत नाहीत. त्यांना कार्डच लागते, किंवा त्याची नक्कल. नक्कल करायची तर कार्डाचा प्रत्येक भाग काय करतो हे ठाऊक हवे. एखाद्या शाळेच्या वा कचेरीच्या कपाटात असे कार्ड माहितीपुस्तिकेसह पडून असेल, तर ते रद्दीत जाण्यापूर्वी आम्हांस कळवावे.